फसवून जिंकलेल्यांना सर्वोच्च सन्मान द्यावा का? आधी चौथ्या आलेल्याला विचारा

प्रश्न थोडक्यात असा आहे. एखाद्या खेळाडूने उत्तेजक द्रव्यं घेतली, किंवा पैसे घेऊन सामना विकला, आणि ते उघडकीला आलं. पण तो त्याच्या पिढीतला अव्वल खेळाडू होता, हेही कोणी नाकारत नाही. अशा खेळाडूला त्या खेळाचा सर्वोच्च सन्मान द्यावा का? विचारणाऱ्याने स्वतःची बाजूही मांडली आहे: शिक्षा भोगून झाली की हिशेब मिटला पाहिजे, आणि त्या काळात सगळेच घेत होते, मग एकट्यालाच बाहेर का ठेवायचं?

माझं उत्तर आधी सांगते. जाणूनबुजून फसवणाऱ्याला नाही. त्याचं नाव इतिहासातून खोडू नका, त्याचे आकडे लपवू नका, बंदी संपली की त्याला खेळू द्या, त्यानंतर सरळ मार्गाने काही कमावलं तर त्याचं बक्षीसही द्या. पण अख्ख्या कारकिर्दीसाठी जो हार घातला जातो, तो त्याच्या गळ्यात नको. गेली एकवीस वर्षं मी स्पर्धांमध्ये उत्तेजक चाचणीसाठी नमुने गोळा करण्याचं काम करते आहे, आणि हे मत त्या खोलीत बसून बनलेलं आहे. म्हणून आधी त्या खोलीबद्दल थोडं.

शर्यत संपली की प्रेक्षकांसाठी खेळ संपतो. आमचं काम तिथून सुरू होतं. चाचणीसाठी ठरलेल्या खेळाडूला गाठून सूचना द्यायची, कागदावर सही घ्यायची आणि त्या क्षणापासून नमुना मिळेपर्यंत तिला नजरेआड होऊ द्यायचं नाही. ती मुलाखतीला गेली तर सोबत, पदक घ्यायला गेली तर सोबत. मग ती कक्षात येते, समोर ठेवलेल्या सीलबंद भांड्यांतलं एक स्वतः निवडते. स्वच्छतागृहात माझ्यासमोर छातीपासून मांडीपर्यंतचे कपडे बाजूला करते, बाह्या कोपराच्या वर सरकवते, कारण लघवी तिच्या शरीरातूनच येते आहे हे मला माझ्या डोळ्यांनी दिसावं लागतं. एवढ्या वर्षांनीही मला याची सवय झालेली नाही. त्या मुलींना तर कशी व्हावी. निदान 90 मिलिलिटर लागते. त्यातली 30 आधी ‘बी’ बाटलीत, म्हणजे फेरतपासणीसाठी राखून ठेवायच्या बाटलीत, मग ‘ए’ बाटलीत. बाटल्या तिनेच भरायच्या, झाकणं तिनेच आवळायची, बाटलीवरचा क्रमांक मोठ्याने वाचून कागदावरच्या क्रमांकाशी जुळवायचा. गेल्या सात दिवसांत घेतलेल्या गोळ्या, सिरप, मलमं, सगळं लिहून द्यायचं. लघवी कमी पडली तर जेवढी आहे तेवढी सील करून ठेवायची आणि पुन्हा पाणी पीत बसायचं.

एका रात्रीचं सांगते. खेळ, वर्ष, ठिकाण सांगणार नाही. ते सांगणं माझ्या कामाच्या नियमात बसत नाही. अंतिम फेरीतल्या पहिल्या तिघी आणि चिठ्ठीने निघालेली एक, अशा चौघींची चाचणी होती. चिठ्ठीत नेमकी चौथी आलेली मुलगी निघाली. पहिल्या तिघींना समारंभासाठी नेलं आणि ती एकटीच माझ्यासमोर उरली. भिंतीपलीकडून राष्ट्रगीत ऐकू येत होतं. ती बुटांच्या नाड्या सोडायची, पुन्हा बांधायची, पुन्हा सोडायची. मध्येच तिने विचारलं, “मॅडम, माझ्यात आणि तिसरीत कितीचा फरक होता?” मी म्हटलं, “बघितलं नाही गं.” खरं तर मी फलकावर बघितलं होतं. पहिली आलेली परत आली, हसत बोलत पंधरा मिनिटांत मोकळी झाली, गेली. चौथीला तीन तास लागले.

काही वर्षांनी पहिलीचं प्रकरण बाहेर आलं. जपून ठेवलेला नमुना नव्या पद्धतीने तपासला आणि त्यात सापडलं. चौथी तिसरी झाली. तिचं पदक तिच्या संघटनेने कुरिअरने पाठवलं, सोबत दोन ओळींचं पत्रसुद्धा नाही. हे तिने स्वतःच मला सांगितलं, एका स्पर्धेच्या ठिकाणी अचानक भेट झाली तेव्हा. ती तिथे पंच म्हणून आली होती. खेळ सोडून तिला चार वर्षं झाली होती. तिसरीला जी शिष्यवृत्ती मिळते ती चौथीला मिळत नाही, आणि शिष्यवृत्तीशिवाय पुढची दोन वर्षं सराव करणं घरच्यांना परवडलं नाही. एवढी साधी गोष्ट. ती रागावलेली नव्हती. फक्त म्हणाली, “त्या रात्री तुम्ही माझ्या बाजूला बसला होता, म्हणून तुम्हाला सांगावंसं वाटलं.”

तेव्हापासून सन्मानाचा प्रश्न निघाला की मी सर्वांत आधी पाहते, ह्याच्या मागे कोण होतं. या सगळ्या वादात ते कोणी पाहत नाही. फसवणाऱ्याची बाजू मांडायला वकील असतात, चाहते असतात, आकडेवारी असते. मागे राहिलेल्याचं नावसुद्धा लोकांना आठवत नाही.

अथेन्सच्या 2004 च्या ऑलिंपिकमधली पुरुषांची गोळाफेक घ्या. ती प्राचीन ऑलिंपियाच्या मैदानावर झाली होती. युक्रेनचा युरी बिलोनोग आणि अमेरिकेचा अ‍ॅडम नेल्सन, दोघांचीही सर्वोत्तम फेक 21.16 मीटर. नेल्सनच्या बाकीच्या सगळ्या फेकी बाद ठरल्या होत्या, त्यामुळे दुसऱ्या सर्वोत्तम फेकीवर बिलोनोगला सुवर्ण गेलं. आठ वर्षांनी, 2012 मध्ये, बिलोनोगचा नमुना पुन्हा तपासला आणि तो दोषी निघाला. नेल्सनला सुवर्णपदक मिळालं ते 2013 मध्ये, अटलांटाच्या विमानतळावर, खाण्याच्या दुकानांच्या गर्दीत. राष्ट्रगीत नाही, व्यासपीठ नाही. कॅनडाची भारोत्तोलक क्रिस्टीन जिरार्ड बीजिंगला चौथी आली होती आणि लंडनला तिसरी. दोन्ही वेळा तिच्या पुढच्या दोषी निघाल्या आणि 2018 च्या डिसेंबरमध्ये तिच्या हातात 2008 चं कांस्य आणि 2012 चं सुवर्ण एकदम पडलं. म्हणजे 2012 पासून खरी ऑलिंपिक विजेती तीच होती आणि कित्येक वर्षं हे तिलाही माहीत नव्हतं.

कधी कधी ही साखळी किती लांब जाते, त्याचं एक उदाहरण मला विसरता येत नाही. लंडन 2012, भारोत्तोलन, पुरुषांचा 94 किलो गट. सुवर्ण जिंकलेला कझाकस्तानचा इल्या इलिन फेरतपासणीत दोषी. त्याच्या मागचेही दोषी. एकेक करून इतके गळाले की पाचवा आलेला इराणचा सईद मोहम्मदपूर सुवर्णविजेता झाला आणि नववा आलेला पोलंडचा टोमाश झेलिन्स्की कांस्यविजेता. आणि हाच झेलिन्स्की 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये उत्तेजक चाचणीत सापडला.

हे वाचून कोणी म्हणेल, बघा, सगळेच घेत होते. नाही. या वाक्याचा मला मनापासून राग येतो, कारण ते ज्यांनी घेतलं नाही त्यांना दुसऱ्यांदा पुसून टाकतं. सोल 1988 ची शंभर मीटर सगळ्यांना बेन जॉन्सनमुळे आठवते: 9.79 सेकंद, नमुन्यात स्टॅनोझोलोल हे स्टेरॉइड, पदक परत. पुढे त्या अंतिम फेरीतल्या बहुतेकांची नावं कधी ना कधी उत्तेजकांच्या प्रकरणांत आली, म्हणून तिला इतिहासातली सर्वांत डागाळलेली शर्यत म्हणतात. पण त्याच शर्यतीत कॅल्व्हिन स्मिथ नावाचा धावपटू 9.99 सेकंदांत चौथा आला होता, जॉन्सन बाद झाल्यावर तिसरा ठरला. त्याचं नाव कधीच कुठल्या प्रकरणात आलं नाही. पाच वर्षांपूर्वी, 1983 मध्ये, त्याने 9.93 चा विश्वविक्रम केलेला होता. त्याला अव्वल खेळाडूंच्या यादीत आज कोण मोजतं?

सायकलिंगमध्ये क्रिस्तॉफ बासों नावाचा फ्रेंच स्वार होता. 1998 च्या तूर द फ्रान्सच्या वेळी त्याच्या फेस्तिना संघाच्या गाडीत उत्तेजकांचा साठा सापडला. चौकशीत त्याच्याच सहकाऱ्यांनी सांगितलं की आमच्यात न घेणारा हाच. पुढच्या वर्षीच्या शर्यतीत तो वर्तमानपत्रात या विषयावर लिहू लागला, तर बाकीच्या स्वारांनी त्याच्याशी बोलणं टाकलं. लान्स आर्मस्ट्राँगने चालू शर्यतीत त्याच्याजवळ येऊन त्याला घरी जायला सांगितलं, आणि काही दिवसांत तो शर्यत सोडून गेला. त्या वर्षीची शर्यत आर्मस्ट्राँगने जिंकली, पुढच्या सहाही जिंकल्या. 2012 मध्ये त्याची सातही विजेतेपदं काढून घेतली आणि ती कोणालाच दिली नाहीत. 1999 ते 2005 या वर्षांपुढे विजेत्याची जागा रिकामी आहे. लोक म्हणतात, आर्मस्ट्राँगने सायकलिंगला पैसा आणला, प्रेक्षक आणले, कर्करोगातून उठलेल्या माणसांना उभारी दिली. हे खरंच आहे. पण बासों गेला त्याची भरपाई यातल्या कशाने होते, हे मला कोणी सांगितलेलं नाही. जो न घेणाऱ्याला शर्यतीतून हाकलतो, त्याला “सगळेच घेत होते” म्हणायचा अधिकार उरत नाही.

आता दुसरी बाजू, आणि इथे मला जास्त वेळ थांबावंसं वाटतं. माझ्या कामातलीच माणसंसुद्धा इथे घाई करतात. नमुन्यात सापडलं म्हणजे फसवलं, असं होत नाही. आमचा नियम कडक आहे: तुझ्या शरीरात जे सापडेल त्याला तू जबाबदार, कुठून आलं हा नंतरचा प्रश्न. निकाल रद्द करण्यासाठी असा नियम लागतोच, नाहीतर प्रत्येक जण डॉक्टरकडे बोट दाखवून सुटेल. पण निकाल रद्द होणं वेगळं आणि माणूस लबाड ठरणं वेगळं.

सिडनी 2000 मध्ये रुमानियाची जिम्नॅस्ट आंद्रेआ रादुकान सोळा वर्षांची होती. सर्दी झाली म्हणून संघाच्या डॉक्टरने दिलेली गोळी तिने घेतली, तिच्यात बंदी यादीतलं स्यूडोएफेड्रिन निघालं. वैयक्तिक सर्वसाधारण प्रकाराचं सुवर्ण गेलं. सोल्ट लेक सिटीच्या 2002 च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये ब्रिटनचा अ‍ॅलन बॅक्स्टर स्लॅलम प्रकारात तिसरा आला. अल्पाइन स्कीइंगमध्ये पदकाच्या जागेवर आलेला पहिलाच ब्रिटिश. नाक चोंदलं म्हणून तो घरी नेहमी वापरायचा त्याच कंपनीचं इनहेलर त्याने अमेरिकेत विकत घेतलं. अमेरिकेतल्या इनहेलरमध्ये एक घटक वेगळा होता, तो बंदी यादीत बसला. क्रीडा लवादाने त्याचा हेतू फसवण्याचा नव्हता हे मान्य केलं, तरी पदक परत मिळालं नाही. या दोघांची पदकं जाणं मला नियम म्हणून समजतं. पण उद्या त्यांच्या खेळाने त्यांना जीवनगौरव दिला तर मी उभी राहून टाळ्या वाजवीन.

आपल्याकडचं अमित पंघालचं उदाहरण असंच आहे. 2018 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत त्याने ऑलिंपिक विजेत्याला हरवून बॉक्सिंगचं सुवर्ण आणलं, पण त्या वर्षी अर्जुन पुरस्कार त्याला मिळाला नाही. कारण 2012 मध्ये, वयाने लहान असताना, कांजिण्यांच्या उपचारात घेतलेल्या औषधामुळे तो चाचणीत सापडला होता आणि एक वर्षाची बंदी त्याने भोगली होती. पुरस्काराच्या तेव्हाच्या नियमांना सापडणं आणि फसवणं यांतला फरक कळत नव्हता. पुढे शिक्षा भोगून झालेल्यांचा विचार करण्याची सोय झाली आणि त्याला अर्जुन मिळाला. झालं ते योग्यच झालं, उशिरा झालं एवढंच.

म्हणून कोणत्याही निवड समितीने दोन प्रश्न वेगळे ठेवावेत असं मला वाटतं. एक, त्याने हे ठरवून केलं का? आणि दोन, उघडकीला आल्यावर त्याने काय केलं? दुसऱ्या प्रश्नाला लोक कमी लेखतात. चाचणीच्या कागदावर सही करताना खेळाडूचा चेहरा मी बघते. घाबरलेला चेहरा मी कधीच दोषाची खूण मानत नाही. निर्दोष मुलीच जास्त घाबरतात. पण पकडलं गेल्यावर वर्षानुवर्षं खोटं बोलणं, खरं सांगणाऱ्यांवर खटले भरणं, नमुना घेणाऱ्यांवरच संशय घेणं, हे सगळं फसवणुकीचाच पुढचा भाग आहे. मॅरियन जोन्सने सिडनीत पाच पदकं जिंकली आणि 2007 पर्यंत नाकारत राहिली. तिचं शंभर मीटरचं सुवर्ण कोणाला द्यावं हा प्रश्न आला तेव्हा दुसरी आलेली ग्रीसची एकातेरिनी थानू 2004 मध्ये चाचणी चुकवण्याच्या प्रकरणात अडकलेली होती. ऑलिंपिक समितीने 2009 मध्ये ते सुवर्ण कोणालाच दिलं नाही. थानूचं रौप्य राहिलं, तिसऱ्या आलेल्या जमैकाच्या टायना लॉरेन्सलाही रौप्य दिलं, आणि चौथी आलेली मर्लिन ओटी कांस्यविजेती झाली. तेव्हा ओटी चाळीस वर्षांची होती. म्हणजे शर्यतीच्या वेळी. पदक हाती यायला आणखी नऊ वर्षं गेली.

“शिक्षा भोगली ना” या मुद्द्यावर मी विचारणाऱ्याशी अर्धी सहमत आहे. बंदी ही बंदीच असावी, जन्मठेप नको. 2018 च्या मार्चमध्ये केपटाउनला ऑस्ट्रेलियाच्या खेळाडूंनी चेंडू पॉलिश पेपरने घासला. स्टीव्ह स्मिथ आणि डेव्हिड वॉर्नर यांना एक वर्ष बाहेर बसावं लागलं, बॅनक्रॉफ्टला नऊ महिने. परत आल्यावर वॉर्नरला 2020 मध्ये आणि स्मिथला 2021 व 2023 मध्ये अ‍ॅलन बॉर्डर पदक मिळालं, जे ऑस्ट्रेलियन क्रिकेटमधलं सर्वांत मानाचं पदक आहे. मला यात काहीच खटकत नाही. ते पदक त्या त्या वर्षीच्या खेळासाठी आहे, आणि त्या वर्षांतल्या धावा त्यांनी सगळ्यांसमोर काढल्या. मोहम्मद आमिरचंही तसंच. लॉर्ड्सवर 2010 मध्ये पैशांसाठी नो बॉल टाकले तेव्हा तो अठरा वर्षांचा होता. पाच वर्षं बंदी भोगली, तुरुंगही पाहिला. 2017 च्या चॅम्पियन्स करंडकाच्या अंतिम सामन्यात त्याने रोहित, कोहली आणि धवन यांना बाद केलं, आणि त्या विकेट्स अस्सल होत्या, आपल्याला कितीही लागल्या असल्या तरी.

पण वर्षाचा पुरस्कार आणि आयुष्याचा पुरस्कार यांत फरक आहे. जीवनगौरव म्हणजे, हा माणूस आमच्या खेळाचा चेहरा आहे, पोरांनो, याच्यासारखे व्हा, असं तो खेळ जाहीरपणे म्हणत असतो. शिक्षा संपल्यावर खेळण्याचा हक्क परत मिळतो. सन्मान हा हक्क कधीच नव्हता. तो नाकारला म्हणजे आणखी एक शिक्षा दिली, असं होत नाही.

या वादाचा सर्वांत मोठा आखाडा अमेरिकेचं बेसबॉल आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या कूपर्सटाउन गावी त्यांचं हॉल ऑफ फेम आहे. तिथे नाव लागायला बेसबॉलवर वर्षानुवर्षं लिहिणाऱ्या पत्रकारांची 75 टक्के मतं लागतात, आणि मत देताना खेळाबरोबर सचोटी, खिलाडूवृत्ती आणि चारित्र्य पाहावं असं त्यांच्या नियमातच लिहिलेलं आहे. बॅरी बाँड्सचे 762 होमरन, म्हणजे चेंडू सीमेबाहेर टोलवणारे फटके, हा त्या खेळातला विक्रम, आणि सात वेळा सर्वोत्तम खेळाडूचा मान. रॉजर क्लेमेन्सचे 354 विजय आणि सात वेळा सर्वोत्तम गोलंदाजाचा मान, आपल्या भाषेत सांगायचं तर. 2022 मध्ये, मतपत्रिकेवरच्या त्यांच्या दहाव्या आणि शेवटच्या वर्षी, बाँड्सला 66 टक्के मिळाले, क्लेमेन्सला 65.2. दोघांवरही उत्तेजकं घेतल्याचा संशय होता, आणि दोघेही बाहेर राहिले.

इथे मला प्रामाणिकपणे एक गोष्ट मांडली पाहिजे, कारण ती माझ्या मताच्या विरुद्ध जाते. या दोघांवर बेसबॉलने उत्तेजकांसाठी कधीच बंदी घातली नाही. शिक्षेसह चाचण्या तिथे 2004 पासून सुरू झाल्या. त्याआधी सगळ्यांनी डोळे मिटले होते, आणि डोळे मिटून बसलेल्या त्या काळात खेळाचे प्रमुख असलेले बड सेलिग 2017 मध्ये त्याच हॉलमध्ये सन्मानाने गेले. क्लेमेन्स खोट्या साक्षीच्या खटल्यातून निर्दोष सुटला. बाँड्सची न्यायात अडथळा आणल्याची शिक्षा 2015 मध्ये रद्द झाली. जाणूनबुजून काही घेतलं नाही, असं तो म्हणत आला. मी सील, क्रमांक आणि सही यांवर आयुष्य काढलेली बाई आहे. पत्रकाराच्या संशयावर कोणाला बाहेर ठेवणं मला झोंबतं. माझ्याकडे मत असतं तर मी दोषी म्हणून त्यांना नाकारलं नसतं, पण होकारही दिला नसता. आधी समोर बसून सगळं सांगा, मग पाहू, असं म्हटलं असतं. आणि सेलिगना तर अजिबात मत दिलं नसतं.

“पण बाँड्स त्याआधीच महान होता” असं त्याचे चाहते सांगतात. होता. संशयाचा काळ सुरू होण्याआधीच तीन वेळा सर्वोत्तम ठरला होता. मला तर यामुळे जास्तच वाईट वाटतं. गेलॉर्ड पेरीचंही नाव पुढे केलं जातं: चेंडूला बंदी असलेला निसरडा पदार्थ लावून टाकायचा, हे त्याने स्वतः लिहून ठेवलेलं, तरी 1991 मध्ये तो हॉलमध्ये गेला. ते चूक झालं, इतकंच मी म्हणेन. एकदा दार चुकून उघडलं म्हणून ते कायमचं उघडं ठेवायचं कारण मला दिसत नाही. पीट रोज, 4256 हिट्सचा मानकरी, आपल्याच संघाच्या सामन्यांवर पैसे लावल्याबद्दल 1989 मध्ये बाहेर गेला आणि 2004 पर्यंत नाकारत राहिला. 2024 मध्ये तो वारला, आणि 2025 मध्ये मृत्यूनंतर बंदी लागू राहत नाही असं ठरवून बेसबॉलने त्याचं नाव यादीतून काढलं. सट्ट्याचा गुन्हा मी उत्तेजकांपेक्षा हलका मानत नाही. उत्तेजकं घेणारा निदान जिंकण्यासाठी खेळत असतो. ज्याचे पैसे सामन्यावर लागलेत, तो कशासाठी खेळतोय हे मैदानावरच्या कोणालाच माहीत नसतं, त्याच्या सहकाऱ्यांनाही नाही.

बाँड्सने 2007 च्या ऑगस्टमध्ये 756 वा होमरन मारून हँक आरोनचा 755 चा विक्रम मोडला. आरोनने तो विक्रम केला तेव्हा, एक कृष्णवर्णीय माणूस आधीचा विक्रमवीर बेब रूथला मागे टाकतो म्हणून त्याला जिवे मारण्याच्या धमक्यांची पत्रं येत होती. बाँड्सच्या मागे कोण होतं, तर हा माणूस होता. त्या 756 व्या फटक्याचा चेंडू मार्क एको या फॅशन डिझायनरने साडेसात लाखांहून अधिक डॉलरला विकत घेतला, त्याचं काय करावं यावर लोकांची मतं मागवली आणि बहुमताने त्याच्यावर तारांकन, म्हणजे विक्रमाबद्दल शंका असल्याची खूण, कोरून तो कूपर्सटाउनला दिला. बाँड्स हॉलमध्ये नाही, तारांकित चेंडू तिथल्या संग्रहालयात आहे. मला हे पूर्णपणे पटत नाही. मतदान घेऊन एखाद्यावर डाग कोरणं मला बघवत नाही. पण नोंद ठेवायची आणि हार घालायचा नाही, ही जी मांडणी मी वर केली, ती तिथे नकळत झालेली आहे.

दुसरं एक तारांकन मला याहून जवळचं आहे. पूर्व जर्मनीत 1974 पासून सरकारी योजना म्हणून खेळाडूंना उत्तेजकं दिली जात होती. कागदावर तिचं नाव ‘राज्य योजना 14.25’. ओरल-टुरिनाबोलच्या निळ्या गोळ्या कोवळ्या मुलींना जीवनसत्त्वं म्हणून खाऊ घालायचे. हायडी क्रीगर सोळाव्या वर्षापासून त्या खात होती. 1986 मध्ये ती गोळाफेकीची युरोपविजेती झाली. पुढे लिंगबदल केल्यावर आज तो माणूस आंद्रेआस क्रीगर या नावाने ओळखला जातो, आणि त्याचं ते सुवर्णपदक जर्मनीत उत्तेजकांविरुद्ध लढणाऱ्यांना दिल्या जाणाऱ्या पुरस्काराच्या स्मृतिचिन्हात बसवलेलं आहे. या मुलींना फसवणाऱ्या म्हणायला माझी जीभ रेटत नाही. फसवलं गेलं ते त्यांना, आणि त्यांच्या मागे चौथ्या आलेल्यांनाही. त्या योजनेच्या दोन प्रमुखांवर, मानफ्रेड एवाल्ड आणि मानफ्रेड ह्योप्नर यांच्यावर, 2000 मध्ये बर्लिनमध्ये खटला चालला. दोघांनाही झाली ती स्थगित शिक्षा.

त्या खटल्यात फिर्यादींच्या बाजूने उभ्या राहिलेल्यांत इनेस गाइपेल होती. 1984 मध्ये एससी मोटर येना या क्लबकडून 4×100 मीटर रिले धावताना तिच्या चौकडीने जर्मनीतल्या क्लब संघांचा विक्रम केला होता. कोणी तिच्याकडे बोट दाखवलेलं नव्हतं, कोणी पदक परत मागितलेलं नव्हतं. तिने स्वतःहून संघटनेला लिहिलं की हा विक्रम मी शुद्ध अंगाने केलेला नाही, माझं नाव काढा. विक्रम राहिला, बाकी तिघींची नावं राहिली. तिच्या नावाच्या जागी तारांकन घातलं.